लाल दिवा लागेना तेव्हा

त्या हिवाळ्यात माझा मार्कंडदेवावर राग होता आणि त्याचं कारण रामटेके सर होते. देवावर रागावणं आमच्या घरात नवीन नाही. पाऊस लांबला की माझे वडील देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसत. पण दुसऱ्याचं चांगलं झालं म्हणून देवाशी अबोला धरणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच असेन. आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मात्र सकाळी डोळे उघडले की पहिला विचार रामटेके सरांच्या कॉम्प्युटरचा यायचा आणि चहाची चवच जायची.

आम्ही दोघंही वडशाच्या एका शाळेत मास्तर. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. कॉम्प्युटर हा शब्द गावातल्या लोकांनी पेपरात वाचला होता, वस्तू कोणी पाहिली नव्हती. रामटेके सरांना नागपूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी मासिकाचा अंक सापडला. त्यात घरच्या घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा ते आकृत्या काढून समजावलं होतं. आम्हा दोघांना त्याचं वेडच लागलं. मिळून एकच करायचा की दोन, यावर बराच खल झाला. दोन करू, एकाचं कुठे चुकलं तर दुसऱ्याचं पाहून दुरुस्त करता येईल, असं त्यांनीच सुचवलं. सामान नागपूरहून आलं, काही मुंबईहून पार्सलने आलं. खोकी एकाच सुताराने सागवानाची करून दिली, कारण आमच्याकडे चांगला पत्रा मिळायला उशीर लागतो, सागवानाला नाही. पडदा म्हणून दोघांनी आपापले जुने टीव्ही काढले. सगळा पावसाळा संध्याकाळी माझ्या पडवीत आम्ही सोल्डरिंग करत बसायचो आणि माझी बायको चहा टाकून टाकून कंटाळायची. खरं सांगायचं तर इतकं सुख मला पुढे कशात मिळालं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. नांगर, सायकल, शिलाई मशीन, घरात जे असेल ते. रामटेके सर बौद्ध. ते दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. जाण्याआधी त्यांचं मुख्य कार्ड, म्हणजे सगळे पार्ट सोल्डर करून बसवलेली पट्टी, पूर्ण झालं होतं आणि माझं अजून अर्धं होतं. ते मला आवडलं नव्हतं, पण त्याला मी हेवा म्हणत नव्हतो. मला फक्त लवकर पूर्ण करायचंय, असं मनाला सांगत होतो. दसऱ्याच्या सकाळी मी पाटावर सगळं सामान मांडलं. मधोमध उघडं खोकं, त्यात कार्ड बसवायचा लांबट खाचेचा सॉकेट वर तोंड करून. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. अक्षता लोक चिमूटभर वाहतात, मी मूठभर वाहिल्या. त्यांचं काम पुढे गेलंय ना, मग माझ्या बाजूला देवाचं बळ थोडं जास्त असू दे, असं माझ्या मनात होतं.

दिवाळीच्या आधी त्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला. त्या कार्डावर एक बारीक लाल दिवा असतो, वीज पोचली की तो लागतो. त्यांचा लागला आणि ते सायकलवरून धापा टाकत मला बोलवायला आले. माझं शेवटचं काम चाललं होतं. आलोच हे संपवून, असं म्हणून मी त्यांना परत पाठवलं. मला माझा चालू करून मग जायचं होतं, बरोबरीने. संध्याकाळी कार्ड पूर्ण झालं, खाचेत दाबून बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही, पडद्यावर एक ठिपका नाही. सॉकेटच्या मागे मीटर लावला तर वीज बरोबर दाखवायचा, पण कार्डावर काही पोचत नव्हतं. कार्ड काढलं, पुसलं, आणखी जोर लावून बसवलं. असं किती वेळा केलं ते देव जाणे. दिवा बदलला. सोल्डरिंगचे सगळे टाके पुन्हा पक्के केले. तरी लाल दिवा काही लागेना.

आणि मग मी जळू लागलो. तोवर रामटेके सरांच्या घरी जत्रा भरू लागली होती. मुख्याध्यापक वरच्या वर्गांची रांग लावून घेऊन गेले. राइस मिलवाले गेले, पोस्टमास्तर गेले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांचे दिवस आले तसे नाटकाच्या तालमी करणारे नटसुद्धा मिशा उतरवून तिथे जाऊन आले. कोणी रस्त्यात भेटलं की विचारायचं, सर, तुमच्या दोस्ताचा चालू झाला, तुमचा कधी? हे जखमेवर मीठ कमी होतं म्हणून की काय, एक दिवस माझी बायको हळदीकुंकवाला जाऊन येताना त्यांच्याकडे डोकावून आली.

"मले तं मोठं नवल वाटलं," ती म्हणाली. "आकडे नुसते पळून राह्यले होते. तुमी एक डाव जाऊन तं पाहा."

मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बिघडलं असं सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. देव्हाऱ्यासमोर बसलो की मंत्र बाजूला राहायचा आणि गाऱ्हाणं सुरू व्हायचं. मी सोमवार करतो, श्रावणात बेल वाहतो, तुझ्या नावाशिवाय पाऊल टाकत नाही. हा माणूस तुझ्या देवळाची पायरी चढत नाही. खोकं तेच, सामान तेच, सुतारही तोच. मग दिवा त्याचा कसा लागतो? रामटेके सर भला माणूस होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, हेही मला खुपायचं. वाईट असते तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

ते दोनतीनदा घरी आले. म्हणाले, घेऊन या तुमचं खोकं, माझ्याच्या बाजूले ठेवू, कुठी फरक हाये ते दिसल. सरळ गोष्ट होती. ठरलंही तसंच होतं. पण माझ्या तोंडून निघालं, एक पार्ट खराब आहे, मुंबईहून यायचा आहे. पुढे सगळा हिवाळा तो पार्ट येतच राहिला. हळूहळू मी मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चहा घेणं सोडलं. वह्या तपासायच्या आहेत म्हणायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं. इतक्या वर्षांची मैत्री हातातून जाते आहे हे मला दिसत होतं आणि तरी त्यांच्या दारावरून जाताना मी सायकल जोरात मारायचो.

महाशिवरात्रीला मी एकटाच मार्कंड्याला, मार्कंडदेवाच्या जत्रेला गेलो. चामोर्शीपर्यंत एसटी आणि पुढे माणसांच्या लोंढ्यातून पायी. नेहमी मी भक्तीने जातो, त्या वर्षी भांडायला गेलो. रांगेत ताटकळत उभा राहून अखेर गाभाऱ्यात पोचलो, पिंडीवर बेल ठेवला आणि डोळे मिटून स्वच्छ शब्दांत मागितलं: देवा, एकतर माझा चालू कर, नाहीतर त्यांचा बंद कर. मागणं ऐकून मी स्वतःच चरकलो, पण परत घेतलं नाही. मागून लोक ढकलत होते. बाहेर आलो, वैनगंगेवर पाय धुवायला उतरलो, आणि शेवाळलेल्या दगडावरून असा घसरलो की पायाचा घोटाच मुरगळला. देवाने तत्परतेने एक वस्तू बंद पाडली होती, ती माझी होती.

उभं राहवेना. जत्रेची माणसं बाजूने जात होती, हळहळत होती, पुढे सरकत होती. तेवढ्यात एक माणूस थांबला. कुरखेड्याच्या आतल्या, जंगलातल्या कुठल्याशा गावचा गोंड माणूस होता. बायको आणि म्हातारी आई सोबत. हातातलं गाठोडं त्याने बायकोकडे दिलं, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पाठीवर बसा म्हणाला. मी नको नको म्हटलं. एवढा मोठा माणूस, मास्तर, धुवट पांढरं धोतर, कोणाच्या पाठीवर कसा बसू? पण दुसरा इलाज नव्हता. तो मला घेऊन रेतीतून चढ चढू लागला. मला इतकी लाज वाटत होती की मी श्वास कोंडून, मान ताठ करून, आपलं वजन आपणच वर उचलून धरल्यासारखा बसलो होतो. थोडं चालून तो थांबला.

"भाऊ, अंग सैल सोडा," तो म्हणाला. "तुमी सोताले आवरून धरून राह्यले, म्हणून मले जड होऊन राह्यलं."

यात उपदेश नव्हता. त्याला खरंच जड होत होतं. मी श्वास सोडला, मान त्याच्या खांद्यावर टेकली, आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते थांबेना. पायाचं दुखणं तेवढं नव्हतं. कित्येक महिन्यांत मी कशाचाच भार कोणावर टाकला नव्हता, देवावरसुद्धा नाही. देवासमोर बसून मी नुसती तक्रार करत होतो. त्या माणसाने मला जत्रेच्या जादा एसटीत बसवलं, घोट्याला आपलं फडकं गुंडाळलं आणि मी नाव विचारेपर्यंत तो गर्दीत मिसळला. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. मला तो तिथे, त्या वेळी भेटला, एवढंच मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला होता. खाटेवर पडल्यापडल्या समोर ते बंद खोकं दिसत होतं. दुपारी मी बायकोला म्हटलं, रामटेके सरांना बोलावून आण, म्हणावं माझ्याच्याने होत नाही, तुम्ही पाहा. एवढं वाक्य बोलायला मला जे कष्ट पडले ते त्या चढावर त्या माणसालाही पडले नसतील. देवापुढे हात जोडणं सोपं असतं, तिथे हरल्याची लाज नसते. बरोबरीच्या माणसाला मला जमत नाही असं सांगणं, ती शरणागती कठीण. ती माझ्याकडून करवून घेतली याबद्दल मार्कंडदेवाचे उपकार मी जन्मभर मानतो.

रामटेके सर लगेच आले. पार्ट आला का, असं विचारलं नाही. पायाची चौकशी केली, मग जमिनीवर पेपर अंथरून बसले. मीटर लावून पाहिला, मला जे दिसलं होतं तेच त्यांनाही दिसलं. कार्ड काढलं. मग त्यांनी अख्खं खोकं उचलून पालथं केलं आणि वरून चापट्या मारायला सुरुवात केली. मी दचकून विचारलं, तेव्हा म्हणाले, आमच्या घरी रेडिओ बंद पडला का पयले असाच पालथा करतो, आंदर झुरळं बसून राह्यते. मला असं काही करावंसं वाटलंच नव्हतं. पूजा केलेली वस्तू पालथी कशी घालायची?

पेपरवर टप्प असा बारीक आवाज झाला. तांदळाचा दाणा होता. एका बाजूने चेपलेला, पण त्याचं कुंकू अजून लाल होतं. सॉकेटच्या काळ्या खाचेत तळाशी तो पडून होता, आणि मी कार्ड जेवढं जोराने दाबत होतो तेवढा तो रुतत होता. कार्ड त्या टोकाला केसभर वर राहत होतं. दसऱ्याची ती मूठ माझ्या डोळ्यांसमोर आली. आता रामटेके सर हसतील, आणि त्यांना हसण्याचा हक्क आहे, असं मनाशी म्हणत मी भिंतीकडे तोंड फिरवलं. हसण्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर त्यांनी तो दाणा कागदाच्या तुकड्यावर घेतला होता आणि माझ्या बायकोला विचारत होते, "बाई, हे पूजेचं हाये. कुठी ठेवू?"

तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. त्यांनी कार्ड बसवलं आणि बटण मला दाबायला लावलं. लाल दिवा लागला. पडद्यावर पांढरा चौकोन लुकलुकू लागला. मला हुंदका आला, पण रामटेके सर जागेवरून उठून पोरासारखे टाळ्या पिटू लागले. त्यांचा आनंद माझ्यापेक्षा मोठा होता, आणि खरं सांगतो, त्याचाही मला क्षणभर हेवा वाटला. तुमचा चालू झाला तेव्हासुद्धा इतके नाचला नसाल, असं मी म्हणालो. ते टाळ्या थांबवून खाटेच्या कडेला येऊन बसले.

"माझा लागला तवा सारं गाव येऊन गेलं, सर," ते म्हणाले. "पन कोनाले काय समजते? सारे म्हनत, टीव्हीच हाये. मी तुमची वाट पाहून राह्यलो होतो. तुमी आलेच नाई. मंग मी कोनाले दाखवू?"

मी ज्या माणसाचा सगळा हिवाळा हेवा केला, त्याच्याकडे हेवा करावा असं काहीच नव्हतं. त्यांना हवं होतं ते, कळणाऱ्या माणसाने येऊन पाहणं, माझ्याजवळ होतं आणि मी दिलं नव्हतं.

मी म्हटलं, आता दाखवा. पाय दुखतोय, उद्या या, असं ते म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायाने लंगडत, सगळ्या गल्लीच्या देखत मी त्यांच्या घरी गेलो. कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ. गेल्या महिन्याभरात लावलाच नाही, असं त्यांची बायको म्हणाली. रामटेके सरांनी कापड काढलं, झाकण उघडलं आणि बाजूला उभे राहिले. मी वाकून एकेक टाका पाहिला. माझ्यापेक्षा सुबक होते. तसं मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना कुठे दुखलं नाही.