फळ्यावरचा संगणक

“मी जे शिकवतो ते मला येत नाही, त्याचं चित्र मात्र हुबेहूब काढता येतं,” असं ड्रॉइंगसर एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते. सगळे हसले. सर हसले नाहीत.

सरकारने शाळांत संगणकशास्त्र सक्तीचं केलं, तेव्हा वेळापत्रकात जागा करायला चित्रकलेचे तास गेले आणि नवा विषय रिकाम्या सरांच्या गळ्यात पडला. संगणकही आले. पण धूळ बसेल, तारा तुटतील, वर जाब कोण देणार, म्हणून मोठ्या बाईंनी ते मेणकापडाखाली झाकून खोलीला कुलूप ठोकलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

“बाई, मुलांना एकदा हात तरी लावू द्या.”

“आणि बिघडला म्हणजे? तुमची मुलं काय कमी आहेत? तुम्ही आपलं फळ्यावर शिकवा हो.”

मग सरांनी फळ्यावर संगणक काढला. पडद्यावर खिडकीतून आलेली उन्हाची तिरीपसुद्धा. मुलं येऊन खडूची बटणं दाबत आणि सर पडद्यावर ती ती अक्षरं उमटवत. खोडायचं बटण दाबलं की डस्टर फिरवत. एकदा त्यांना ठसका लागला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर हँग झाले रे!”

हे सगळं सर सोसत होते ते एकाच आशेवर. तपासणीला साहेब येतील, हा तमाशा बघतील आणि कुलूप उघडायला लावतील.

साहेब आले. एका मुलीने फळ्यावर आपलं नाव लिहून, खोडून, पुन्हा लिहून दाखवलं. सरांचा हात तिच्या बोटामागे धावत होता.

“वा! वा!” साहेबांनी फोटो काढला.

“साहेब, खरे संगणक त्या खोलीत आहेत. मुलांना ते...”

“कशाला? त्यांच्यावाचून एवढं येतंय की! आमच्या ऑफिसात मशीनवाचून कामं खोळंबलीत. बाई, नेऊ का आम्ही?”

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पर्स लगेच उघडली. “न्या की! सर, तुमच्यामुळे शाळेचं नाव झालं हो!”

मेणकापडात गुंडाळलेले संगणक वर्गासमोरून टेम्पोत चढले. मुलं दारात गर्दी करून बघत राहिली. टेम्पो गेल्यावर ती जागेवर येऊन बसली. त्या मुलीने जाऊन फळ्यावरचं बटण दाबलं. पडदा कोराच राहिला.

“सर, चालू व्हा ना!”

सरांनी खडू खाली ठेवला आणि ते वर्गाबाहेर पडले.