जेवणारं गाव

जोतिबाच्या डोंगरामागं आमचं गाव. वेशीतल्या पाटीवर लोकसंख्या रंगवलेली आहे, पण जत्रेच्या गावजेवणाला तांदूळ किती शिजवायचा, हे त्या पाटीवरून कुणी ठरवत नाही. आचारी ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारतो.

शिपाई पारावर बसतो, डोळे मिटतो आणि हवेत बोट फिरवत वेशीपासून एकेक गल्ली चालू लागतो. दर घरापाशी बोट थांबतं, ओठ घरवाल्याचं नाव पुटपुटतात. मध्येच कुणी बोललं, तर कपाळाला आठ्या घालून तो पुन्हा वेशीपासून सुरू करतो.

"पाटीवर काय बी असू दे. मी जेवणारी तोंडं सांगतो," असं तो गुरकावून म्हणायचा, आणि त्याचा आकडा कधी चुकायचा नाही.

गेल्या वर्षी चुकला. दोन हंडे भात उरला. बाहेरगावी गेलेली माणसं जत्रेला तरी येतील, म्हणून त्यानं सगळी धरली होती. मीही गेलो नव्हतो. उरलेला भात त्यानं एकट्यानं जनावरांपुढं नेऊन ओतला, असं नंतर कानावर आलं.

यंदा शहरातल्या राजारामपुरीतल्या माझ्या बिऱ्हाडातून मुद्दाम लवकर निघून गावी गेलो. तो पारावर मोजतच होता. बोट भराभर पुढं सरकत होतं. आमच्या घरापाशी ते थांबलंच नाही.

"मामा, आमचं घर राहिलं की," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले.

"राहिलं न्हाय. तुमास्नी पै-पावण्यांत धरलंय."

मग डोळे मिटून तो पुन्हा वेशीपासून मोजू लागला.