पद्मिनीताईंचा बाराचा तास

टाकी भरली की मोटर बंद करायची, एवढं एकच काम निवृत्तीनंतर घरच्यांनी माझ्यावर विश्वासानं सोपवलं आहे. परवा दुपारी मी मोटर लावली आणि नागपूरच्या साडूशी फोनवर बोलत बसलो. आमचा साडू बोलायला लागला की धरणं भरून वाहतील, ही तर पाचशे लिटरची टाकी. पाणी गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून खालच्या खोलीत शिरलं. तिथं पद्मिनीताई अमोलिक राहतात.

बादली-पोछा घेऊन मी धावलो. शिलाई मशीनखाली कापडाच्या चिंध्या तरंगत होत्या. ताई भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेल्या, साडी ओली, डोळे मिटलेले.

"बापा, माह्या पियुषच्या छातीत श्वास..." म्हणता म्हणता त्या अडखळल्या. "बापा, हे पाणी कोण सोडून राहिलं?"

"मी," मी दारातून म्हणालो. देवाच्या आधी आपण उत्तर दिलं, याचा संकोच मला अजून वाटतो.

पद्मिनीताई अचलपूरहून लग्न होऊन इथं, आमच्या बूढापारा मोहल्ल्यात आल्या. नवरा लवकर गेला. साड्यांना फॉल-पिको करून त्यांनी एकुलत्या एका पियुषला वाढवलं. चर्चमध्ये सगळं हिंदीत, पण घरात देवाशी बोलणं मराठीत. रोज बाराला मशीन थांबवून त्या प्रार्थनेला बसायच्या. गल्लीतल्या बायकांना हे पक्कं माहीत, म्हणून नेमक्या बाराला साड्या घेऊन यायच्या. बाई घरी सापडते ना! ताई हसून सांगायच्या, "आमेन म्हणायच्या आधी मले मरून रंगाचा धागा आठवते, भाऊ. मग मी देवाले म्हणते, माफ कर, अन् दुकान बंद व्हायच्या आत पोहोचव."

तेव्हा हसता येत होतं. मग शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीची गरम राख अंगावर आली आणि पियुष होरपळला. आता दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या, श्वास मशीनवर. आईला काचेबाहेरून बघू देतात, तेही जरा वेळ.

त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी मग पियुषसाठी साखळी-प्रार्थना धरली. एकेकीनं एकेक तास घ्यायचा. आपला तास झाला की पुढचीला फोन करून सांगायचं, "दीदी, अब आप." मध्ये एकही तास रिकामा जाऊ द्यायचा नाही. बाराचा तास ताईंचा. पुढचा शेजारच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या चित्राचा. ती शाळेत शिकवते, एकच्या आत तिला सुटका नाही. आणि साखळी फोनवर चालते, म्हणून फोन बंद ठेवता येत नाही.

मी पाणी काढत होतो. ताईंनी पुन्हा डोळे मिटले. फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला, तर कुणी गोड आवाजाची बाई क्रेडिट कार्ड देत होती. ताईंनी फोन ठेवला आणि त्या ओल्या जमिनीवरच बसल्या.

"बाकीच्यांचे तास नीट चालून राहिले, भाऊ. सरिताचा चालला, मीराचा चालला. माहाच फाटते. आई मी, अन् माह्याच तासात माहा पोट्टा प्रार्थनेतून सुटून जाते. तिथं ते मशीन टीं-टीं करते ना, तेच कानात वाजत राहते. देवाचं काही ऐकूच येत नाही. तो तरी माहं ऐकत असन का?"

मी पोछा पिळला.

परत फोन. दवाखान्यातली नर्स. आवाज मलाही ऐकू आला. "पियुष की मम्मी? डॉक्टर साहब बुला रहे हैं. जल्दी आइए."

"काहून? काय झालं? जिंदा है ना वो?"

फोन कटला होता. ताई उठल्या, पिशवी घेतली, चपलेत पाय जाईना. मी चप्पल सरळ करून दिली, कोपऱ्यावर रिक्षा उभी असते तीही हाक मारून थांबवली.

"अर्धा तास राहिला अजून," त्या म्हणाल्या. "रिकामा चालला."

"रिक्षात करा की प्रार्थना."

"रिक्षात नाही होत हो. परवा गेली तर सिग्नल हिरवा होऊ दे म्हणून पूर्ण रस्ताभर मागून राहिली. पोट्ट्याचं नावच नाही आलं तोंडात."

"मी बसतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"हव. तुम्ही जा. चित्राचा तास लागेपर्यंत मी इथंच बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत ओला पायजमा, हातात पोछा. मग चटईची एक कोरडी कड माझ्याकडे सरकवली आणि दाराबाहेर पडल्या. मी गुडघे मोडून बसलो खरा, पण घाबरलो आणि मागून ओरडलो, "ताई, अहो, मले तुमची प्रार्थना येत नाही! मी म्हणू काय?"

रिक्षात चढता चढता त्या म्हणाल्या, "पियुष म्हणा अन् गप बसा, भाऊ."