भांगललेली ओळ आणि मगदूम सर

आमच्या मगदूम सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. निपाणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांशी माझी खरी ओळख १९७० च्या सुमारास झाली. ती वर्गात नव्हे, कॉलेजच्या मागच्या तंबाखूच्या दोन वाफ्यांपाशी. एका वाफ्यातले तण ते काढायला लावत. दुसऱ्यात लव्हाळा, हराळी येईल तशी वाढू देत. पाणी दोन्हींना मोजून सारखेच. दर शनिवारी सुरेश आणि मी, त्यांचे दोन विद्यार्थी, रोपांची उंची आणि पाने टिपत असू.

"मातीत ओल ठरलेली, प्यायला तोंडं दोन," सर सांगत. "ज्याचं मूळ आधी पोचंल, त्याचं भागतं. लव्हाळ्यावर राग धरू नका. तोबी जगायलाच आलाय."

मी हे घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या सरास्नी एक दिवस आमच्यासंगं भांगलायला धाड. मग बघू लव्हाळ्याची किती माया येतीय ती." आई हंगामात रोजाने भांगलायला, म्हणजे तण काढायला, आणि एरवी तंबाखूच्या वखारीत जात असे.

पुढच्या जूनपासून विभागात डेमॉन्स्ट्रेटरची एकच जागा भरायची होती. सर आम्हा दोघांपैकी एकाची शिफारस करणार, हे सर्वांना ठाऊक होते. जागा हुकली तर मीही वखारीत जाणार, हे आमच्या घरी ठरलेले होते.

एका शनिवारी सुरेशला यायला उशीर झाला. मी तणाच्या वाफ्याशी वाट पाहत बसले. लहानपणापासून आईबरोबर भांगललेले हात! भानावर आले तेव्हा चौथी ओळ अख्खी स्वच्छ झाली होती आणि शेजारी लव्हाळ्याचा ढीग पडला होता. मी तो कुंपणापलीकडे फेकला आणि गप्प राहिले.

सोमवारी सरांनी ती ओळ पाहिली. पाणी घालण्याची पाळी सुरेशची होती, म्हणून त्यालाच विचारले.

"मी न्हाय, सर. मला भांगलाय येत असतं तर आप्पांनी कॉलेजात कशाला घातलं असतं?"

सर हसले नाहीत. वाफ्यांच्या पाण्याच्या नळाची किल्ली त्यांनी सुरेशकडून काढून माझ्या हाती दिली. मी ती घेतली.

आठ दिवस मी जागेचा विचार केला. सुरेशचाही केला, पण जागेचा अधिक. रोजनिशीत तसेच लिहिलेले आहे. नवव्या दिवशी मी सरांना सारे सांगितले.

"भांगललंस ते हातानं झालं," ते म्हणाले. "हात लावायचा न्हाय हे मी बजावलं न्हाय, ती माझी चूक. पण आठ दिवस त्या पोराला खोटं पडू दिलंस, तेबी हातानंच झालं व्हय गं?"

प्रयोगाच्या नोंदवहीत त्यांनी लिहिले, 'एक ओळ माझ्या निष्काळजीपणामुळे बाद.' माझे नाव कुठेही घातले नाही. शिफारस मात्र सुरेशची केली.

मी वखारीत गेले. वर्षभराने, सुट्टी होताना सर वखारीच्या दाराशी उभे दिसले. आईने त्यांना गाठलेच. "गेल्या साली पोरीचा घास काढलासा. आता काय न्यायला आलाय?"

"न्यायला काय न्हाय, आक्का. शिफारस बरोबरच हुती. बेळगावच्या बी.एड.चा फॉर्म आणलाय, तेवढा भरू द्या."

शिफारशीच्या रकान्यात सरांनी आधीच लिहून आणले होते, 'विषय पक्का आहे. चूक स्वतःहून कबूल करते, थोडी उशिरा.' तेच वाक्य घेऊन मी बेळगावला गेले आणि शिक्षिका झाले. मुलाखतीतही त्याच वाक्यावर मला सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले.

जागा जाणार हे आधी कळले असते, तर मी बोलले असते का? आज चाळिशी उलटली तरी उत्तर देता येत नाही. आणि कबूल करणाऱ्याला इतकी कडक शिक्षा योग्य होती का, यावर सरांशी माझे अजूनही एकमत नाही. दिवाळीत भेटलो की दरवर्षी वाद होतो. सर एक पाऊल मागे घेत नाहीत, मीही नाही. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मला पटवून द्यायला त्यांना अजून पुष्कळ वर्षे लागणार आहेत.