हलक्या हाताची डॉक्टरीण

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगते! मुकुंदवाडीत जन्म गेला तरी रोजच्या रेल्वेच्या भोंग्याला दचकणारी मी. आणि शिकले काय? जनावरांची डॉक्टरकी!

एका सकाळी दवाखान्यातल्या सरांनी मला फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवर पहिल्यांदाच एकटीला पाठवलं. वीस मेंढ्या, आंत्रविषाराची लस. हा रोग म्हणजे रात्री धडधाकट मेंढी, सकाळी मेलेली! मेंढ्यांच्या मालकीण हौसाबाई, त्यांच्या गेल्या पावसाळ्यात चार गेल्या होत्या.

"बाई, यंदा एक बी जाऊ देऊ नका," त्या मान घट्ट धरून म्हणाल्या. मेंढीची हो, माझी नव्हे!

मानेची कातडी चिमटीत धरायची, सुई आत, लस आत. एवढंच! पण मेंढी हलली की तिच्याआधी मी उडी मारायचे. शेवटी डोळे मिटले, सुई घातली, दट्ट्या दाबला. मेंढी? ढिम्म!

"अगं बया! लई हलका हात हाय तुमचा. मागल्या डाक्टरला मेंढरं कशी उधळली व्हती!"

झालं! मी फुगले. दुसरी, पाचवी, दहावी... सुई टोचायची, कपाळावर गेरूचा ठिपका, म्हणजे हिला लस झाली. एकीनंही हूं की चूं केलं नाही. शेजारणी बघायला जमल्या. विसाव्या मेंढीला तर मी चक्क डोळे उघडे ठेवून टोचलं.

आणि बघते तर काय? चिमटीत नुसती लोकर! सुई या बाजूनं आत, त्या बाजूनं बाहेर, लस हौसाबाईंच्या मनगटावर टपटप!

मी सुई बाहेर ओढली.

"हौसाबाई, हे... मगापासून असं ओलं लागतंय?"

"व्हय की! पैल्या मेंढरापासनं. मला वाटलं, पोरीच्या हाताला घाम सुटलाय."

गप्प बसावं का? ठिपके तर लागले होते, कुणाला कळणार होतं? पण त्या चार मेंढ्या डोळ्यांपुढून हलेनात. रडक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. मग एकेकीची मान चाचपली. एखादी तरी कोरडी असेल? छे! वीसच्या वीस ओल्या!

नशीब, बाटलीत लस शिल्लक होती. लोकर बाजूला सारून, कातडी धरून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता मात्र मेंढ्यांनी वस्ती डोक्यावर घेतली. एकीनं मला ढुशी मारून शेणात बसवलं. पण वीसही झाल्या, सुई खरंच आत जाऊन!

दुपारी निघताना हौसाबाईंनी चहा दिला.

"राग मानू नका बाई, पण एक सांगू?"

"सांगा ना."

"सकाळच्या डाक्टरीणबाईच बऱ्या व्हत्या!"