तीन फुटांचा खड्डा

झाड लावायचं तर तीन फूट खड्डा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात ते पोरांना आपोआप येतं. ऐंशीच्या आसपास वाशीत आमची नवी सोसायटी झाली आणि झाडांचं काम कोण बघणार असा प्रश्न सभेत निघाला, तेव्हा मी लगेच हात वर केला. बाकीचे सभासद गिरगाव-परळच्या चाळींतून आलेले. कुदळ कुठून धरायची इथपासून त्यांना शिकवायचं होतं. मी कचेरीत कारकून असलो तरी मुळात शेतकऱ्याचा मुलगा, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

खरं कारण मात्र आई होती. वडील गेल्यावर ती गावात एकटी राहायची. एकदा गोठ्यात पाय घसरून पडली ती दुपारपर्यंत तशीच पडून होती. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं. मी तिला वाशीला आणलं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. इमारतीपुढे भराव घालून सपाट केलेलं मैदान, त्यावर गवताची काडी नाही. "अरे, बसायला सावली नाही तिथं माणसं भेटायची कुठं? एक झाड कर, मी राहते. नाहीतर मला गावी सोड," ती म्हणायची. तिला परत त्या घरात एकटी सोडायला मी तयार नव्हतो.

मी कडुनिंब लावला. गावाकडचं झाड, आईला आपलं वाटेल. तीन फूट खड्डा, शेणखत, आळं, काठीचा आधार, सगळं यथासांग. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि रोप गेलं. पाणी कमी पडलं असं मी जाहीर केलं आणि सभासदांना पाणी घालायच्या पाळ्या लावून दिल्या. पुढच्या वर्षीचं रोपही गेलं. मग मी ठरवलं की खड्डाच उथळ होता.

तिसऱ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, मी चार फुटांच्या खाली गेलो आणि खड्ड्यात पाणी पाझरू लागलं. चार फुटांवर पाणी लागणं म्हणजे काय, हे माणच्या माणसालाच विचारावं. आमच्याकडे विहिरी खणता खणता माणसं म्हातारी होतात. "पाणी लागलं, पाणी लागलं!" मी ओरडलो. आई धावत खाली आली. तिनं खड्ड्याच्या कडेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. आमचे चेअरमन, जे एरवी माझ्या कुठल्याच खर्चाला मान डोलवत नसत, तेही दोन तुकडे खाऊन "वा, वा" म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या गावातली एक बाई आली. ती आमच्या इमारतीत सुकट विकायला यायची. टोपली खाली ठेवून ती खड्ड्यात उतरली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि हसतच सुटली.

"भाऊ, हा खाडीचा पानी हाय. झाडाला मीठ पाजतस?"

सगळ्या सोसायटीसमोर हे! माझं डोकं फिरलं. "ही सोसायटीची जागा आहे. बाहेरच्यांनी यात पडायचं कारण नाही," मी म्हणालो. तिचं हसू थांबलं. वर येऊन तिनं टोपली उचलली आणि ती निघून गेली.

तरीही मी हट्टानं त्याच खड्ड्यात कडुनिंब लावला. तो तर पंधरा दिवसही टिकला नाही. आईनं ट्रंक भरायला घेतली. मी शनिवारच्या एसटीचं तिकीट काढून आणलं. तिकीट खिशात ठेवताना मला स्वतःची भयंकर चीड आली.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो तर आई आणि ती बाई, दोघी मैदानात घमेल्यांनी माती वाहत होत्या. आई सकाळी विचारत विचारत तिच्या घरी गेली होती. मुलगा फटकळ आहे, मनावर घेऊ नकोस, असं सांगायला. जाण्याआधी कुणाशी वाकडं राहू नये, एवढाच तिचा हेतू. तिथं तिला कळलं ते तिनं मला घामेजल्या तोंडानं सुनावलं, "जिला तू बाहेरची म्हणालास ना, सरकारनं घेतलेल्या तिच्या भाताच्या खाचरात आपण राहतोय."

मी पिशवी खाली ठेवली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मी त्या बाईला हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घमेला उचल."

तिची पद्धत माझ्या बरोबर उलटी होती. खाली जायचं नाही, वर यायचं. कंबरेएवढा मातीचा ढीग, भोवती पाणी वाहून जायला चर. पावसाळाभर तो तसाच सोडायचा. "पाऊस मीठ धुऊन नेल. आमी शेताचा असाच करायचो," ती म्हणाली. तोवर ढिगात भाजीचा कचरा मुरवायचा. नंतर खाडीकाठच्या भेंडीची, म्हणजे भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांच्या मोठ्या झाडाची, मनगटाएवढी फांदी आणून रोवायची. खारट वारा तिला सोसतो.

"पावसाळाभर ढिगाकडे बघणार कोण? हा?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. तिकीट मी परत केलं.

मग आई रोज सोळा घरांच्या दारांत जाऊन सालं, देठं आणि तांदळाचं धुवण गोळा करू लागली. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा दीर रुसलाय, सगळं तिला माझ्याआधी कळायचं. चेअरमनबाईंनी तर तिच्यासाठी दारात वेगळी बादलीच ठेवली. भेंडीची फांदी फुटली, त्यानंतर दोन वर्षांत तिच्याखाली दोन बायका बसतील एवढी सावली झाली. त्या दोन बायका कोण, हे सांगायला नको. पुढे आम्ही कुंपणाच्या कडेनं तसे नऊ ढीग केले, आणि मैदान हिरवं झालं. त्या बाईचे उपकार माझ्याकडून फिटणारे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

एके दिवशी गावाहून चुलत भावाचं पत्र आलं. काकूंचं घर बंद पडून आहे, त्या कधी येणार? उत्तर आईनं सांगायचं आणि मी लिहायचं, अशी आमची रीत. ती म्हणाली, "लिही. घर उघड, तुम्ही राहा त्यात. बंद घराला वाळवी लागते." मी लिहिलं. ती पुढे म्हणाली, "आणि लिही, आमच्या गावात आता भेंडीला फुलं आलीत. पोरांना घेऊन बघायला या."

मला वाटलं, ती चुकली. मी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "लिही की."