आबांनी ऐकलेलं इंग्रजी गाणं

पानशेतच्या थांब्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगी विलायतेला निघालीया, स्वारगेटला नीट उतरवा." सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. आई खिडकीशी उभी होती. "पोचलीस की फोन कर," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी नर्स म्हणून मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात चालले होते. गाणं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

वॉर्डात मार्सिया नावाची नर्स होती, आईबाप जमैकाचे. कपडे बदलताना मी आईचं भातलावणीचं गाणं गुणगुणत होते, ते तिने ऐकलं आणि रविवारी मला आपल्या चर्चच्या कॉयरमध्ये नेलं. तिथे मला सोल संगीत भेटलं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी चर्चमधून बाहेर आणलेलं हे गाणं. माझा आवाज जाडाभरडा. शाळेत समूहगीताला मला मागच्या रांगेत उभं करायचे. मार्सियाने हाताला धरून पुढे आणलं.

मग शनिवारचे पब, लग्नं, एका बँडबरोबर दौरे. सहा वर्षांनी मी नोकरी सोडली. आबा गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. फोनवर म्हणाले, "गाण्याला म्या न्हाई म्हनत न्हाई. पन पिणाऱ्या लोकांम्होरं?" त्यानंतर माझा फोन आला की आईच उचलायची.

आई गेली तेव्हा मी जर्मनीत दौऱ्यावर होते. घरी पोचले तोवर सावडायचंही उरकलं होतं. आबा माझ्याशी बोलले नाहीत. परत गेल्यावर मी आईवर इंग्रजीत एक गाणं केलं, आणि नेमकं तेच चाललं. रेडिओवर वाजलं, मोठ्या हॉलांत लोक ते ऐकायला यायचे. वर्षभर जवळजवळ रोज गायले आणि गळा बसला तो बसलाच. स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे तोंडातून आवाज काढायचा नाही, पुढे गाता येईल का ते मग बघू. मुकं राहायला मला घराशिवाय दुसरी जागा सुचेना.

भाऊ-वहिनी शेतावर गेले की घरात मी आणि आबा दोघंच. मी वहीत लिहायची, ते चष्मा लावून वाचायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "तुला उलटून बोलता येत न्हाई, तवर इचारून घेतो. तुज्या आईवरचं ते गाणं हाय का मोबाईलमदी?"

मी लावलं. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून त्यांनी ते ऐकलं. "परत लाव." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर बोलले, "भाषा काय कळंना. पन कुनासाठी हाय ते कळतंय. दुसऱ्या कडव्यात लई जोर लावतीस. दम पोटातनं घ्यायचा सोडून गळ्यावर ताण देतीस. जाईल न्हाई तर काय गळा!" मग वही माझ्याकडे सरकवली. "म्या शिकवाय पायजे हुतं. मंडळात बायामाणसं बसत न्हाईत म्हनून तुला कदी बसू दिलं न्हाई."

मी वहीत लिहिलं: आता शिकवा.

राहिलेले दहा दिवस त्यांनी मला नुसता श्वास शिकवला. ते अभंग म्हणायचे, मी पोटावर हात ठेवून त्यांच्याबरोबर दम घ्यायची आणि सोडायची. आवाज नाही.

गळा परत आला, पण आधीपेक्षा खालच्या पट्टीत. ते उंच स्वर गेले ते गेलेच. आता गाणी त्याच पट्टीत बसवते.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे भोर-वेल्ह्याच्या गावांतून बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, गावाकडे आपण हळूहळू पाहुणे होतो. चहापत्तीचा डबा कुठे आहे ते मला वहिनीला विचारावं लागतं. माझी गल्ली, माझे वादक, माझी भाजीवाली मँचेस्टरला आहे, आणि आबांनाही माहीत आहे की मी कायमची परतणार नाही. तरी नवीन गाणं झालं की ते आधी त्यांना पाठवते आणि त्यांचा फोन येईपर्यंत दुसऱ्या कुणाला ऐकवत नाही. गेल्या महिन्यात फोन आला. "हे बेस झालंय," म्हणाले, "आता आमच्या मंडळाम्होरं कदी म्हनतीस?"

तिकीट काढलंय.